झेंडे उतरले, कायदे राहिले

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जिकडेतिकडे राष्ट्रध्वज दिसू लागले. मोटारींवर, घरांच्या खिडक्यांत, दुकानांच्या दारांवर. रँडल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने तेव्हा एक अगदी साधं काम हाती घेतलं. हे झेंडे मोजायचे आणि महिनोन् महिने मोजत राहायचं. पहिल्या काही दिवसांत लोक सुन्न होते, झेंडे तुरळक होते. पुढच्या एक-दोन आठवड्यांत त्यांचं पेव फुटलं. दोन-तीन महिने तो भर टिकला आणि मग सहा ते नऊ महिन्यांत हळूहळू सगळं पूर्ववत झालं. झेंडे काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. एकजुटीचा ज्वर किती दिवस राहतो याचा इतका स्वस्त आणि इतका चोख तापमापक क्वचितच कोणाला सुचला असेल.

मोठ्या हल्ल्यानंतर समाज ‘कायमचा बदलतो’ असं सर्रास म्हटलं जातं. अभ्यास मात्र वेगळंच चित्र दाखवतात. लोकांच्या मनात जे उसळतं ते बहुतेक महिन्यांत ओसरतं. त्या महिन्यांत घेतलेले निर्णय मात्र पुढे दशकं चालू राहतात.

आधी मनाचं पाहू. अमेरिकेवरच्या हल्ल्याच्या आदल्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कारभारावर ५१ टक्के अमेरिकन समाधानी होते. दोन आठवड्यांनी गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत हा आकडा ९० टक्क्यांवर गेला. संकटात लोक सत्तेवरच्या नेत्याभोवती गोळा होतात, हा परिणाम राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० सालीच मांडला होता. २००४च्या पूर्वार्धात बुश पुन्हा पन्नाशीच्या आसपास आले. अर्थात ही लाट हटकून येतेच असंही नाही. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १९३ माणसं मेली आणि तीनच दिवसांनी निवडणूक होती. सरकार एटा या बास्क संघटनेकडे बोट दाखवत राहिलं, पुरावे मात्र दुसरीकडे नेत होते. पाहण्यांमध्ये पुढे असलेला सत्ताधारी पक्ष हरला. लोक नेत्याभोवती जमतात ते तो खरं बोलतोय असं वाटतं तोवरच.

मानसिक धक्क्याचंही असंच. सँड्रो गॅलिया आणि सहकाऱ्यांच्या पाहण्यांनुसार, हल्ल्यानंतर सुमारे महिन्याभराने मॅनहॅटनच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात ७.५ टक्के प्रौढांमध्ये आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणं होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण ०.६ टक्क्यांवर आलं. जॉर्ज बोनॅनो यांना न्यूयॉर्क परिसरातल्या सुमारे ६५ टक्के लोकांमध्ये अशी लक्षणं जवळपास आढळलीच नाहीत. जळत्या इमारतींतून बाहेर पडलेल्यांची आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या जखमा वर्षानुवर्षं भरत नाहीत. पण शहर म्हणून पाहिलं तर माणसं आपण समजतो त्यापेक्षा चिवट असतात.

भीतीचा एक विचित्र गुण असा की ती भलत्याच ठिकाणी बळी घेते. हल्ल्यानंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळलं आणि लांबचा प्रवास मोटारीने केला. मोटारीचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा अंदाज असा की त्या एका वर्षात यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले. आकड्यावर वाद घालता येईल, पण दिशा पटण्यासारखी आहे. इस्रायलमध्ये बसमधल्या आत्मघाती स्फोटांनंतर काय घडलं तेही पाहण्याजोगं आहे. कधीमधी बसने जाणाऱ्यांनी बस सोडली, रोजचे प्रवासी मात्र बसतच राहिले. सवय भीतीला बोथट करते, की रोज जायचंच असेल तर माणूस भीतीला आवर घालायला शिकतो? या प्रवाशांचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांचा कौल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

आणि भीती एकटी येत नाही, रागही असतो. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, पण निर्णयांवर त्यांचा परिणाम उलट होतो. जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी २००१च्या अखेरीस ९७३ अमेरिकनांवर एक प्रयोग केला. ज्यांच्यात भीती जागवली त्यांना पुढचे धोके मोठे वाटले, अगदी दहशतवादाशी संबंध नसलेले फ्लूसारखे धोकेसुद्धा. ज्यांच्यात राग जागवला त्यांना तेच धोके लहान वाटले. म्हणजे बातम्या लोकांना घाबरवतात की चिडवतात, यावर देश दारं लावून बसतो की युद्धाला निघतो हे काही अंशी ठरतं.

आता त्या निर्णयांकडे. ज्वर चढलेला असतो त्या थोड्या आठवड्यांत जे मंजूर होतं ते एरवी कधीच झालं नसतं. सरकारला पाळतीचे जादा अधिकार देणारा अमेरिकेचा ‘पॅट्रियट ॲक्ट’ हल्ल्यानंतर ४५ दिवसांत लागू झाला, सिनेटमध्ये विरोधात एकच मत पडलं. भारतात २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर डिसेंबरमध्येच राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संमत झाला. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५च्या हल्ल्यात १३० जण मारले गेले, तेव्हा लावलेली आणीबाणी दोन वर्षं चालली. ती उठली तेव्हा तिच्यातले काही अधिकार नेहमीच्या कायद्यात घालून झाले होते.

मला यात सर्वांत बोलकं उदाहरण ब्रिटनचं वाटतं. नोव्हेंबर १९७४मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली. आठच दिवसांत एक दहशतवादविरोधी कायदा आला. त्याच्या नावातच ‘तात्पुरत्या तरतुदी’ असे शब्द होते. या तात्पुरत्या तरतुदींची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि अखेर २००० साली त्यांच्या जागी कायमचा कायदा आला. दरम्यान, त्याच स्फोटांसाठी शिक्षा झालेले सहा जण १६ वर्षं तुरुंगात काढून १९९१ मध्ये सुटले, कारण त्यांना दोषी ठरवणारे पुरावे टिकणारे नव्हते. लोकांना तातडीने कोणीतरी पकडला गेलेला हवा असतो, आणि पोलीसही त्याच समाजातले असतात.

असे नियम रद्द का होत नाहीत? नियम ठेवला आणि हल्ला झाला नाही तर श्रेय नियमाला. नियम काढला आणि हल्ला झाला तर खापर काढणाऱ्याच्या डोक्यावर. नियम काढून लोकांचा त्रास वाचवला म्हणून कोणी हारतुरे घालत नाही. शिवाय तोवर त्या नियमाभोवती खातं, पदं आणि अंदाजपत्रक उभं राहिलेलं असतं. डिसेंबर २००१मध्ये एका माणसाने बुटात स्फोटकं दडवून विमान उडवण्याचा प्रयत्न केला. त्यापायी अमेरिकेच्या विमानतळांवर २००६ पासून जवळपास सगळ्यांना बूट काढायला लावत, ते २०२५च्या जुलैपर्यंत.

संशयाचं गणित याहून कठीण. अमेरिकेच्या एफबीआयकडे २००० साली मुस्लिमद्वेषातून झालेल्या २८ गुन्ह्यांची नोंद होती, २००१ साली ४८१. पुढच्या वर्षी हा आकडा १५५ वर उतरला खरा, पण नंतरच्या दशकात तो कधीच शंभराच्या खाली आला नाही. ही झाली फक्त नोंदलेली प्रकरणं. हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनात पगडीमुळे मुस्लिम समजून एका शिखाला गोळ्या घालण्यात आल्या.

हा संशय शरीरापर्यंत पोहोचतो का? डायेन लॉडरडेल यांनी कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी तपासल्या. हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावांच्या स्त्रियांना कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळं होण्याचं प्रमाण आदल्या वर्षीच्या तुलनेत वाढलं होतं. इतर गटांत तशी वाढ नव्हती. निष्कर्ष अंगावर येणारा आहे. पण विज्ञान एका अभ्यासावर थांबत नाही हे बरं. मिशिगनमध्ये असाच शोध घेतला तेव्हा हा परिणाम दिसला नाही. मिशिगनमध्ये अरब वंशाच्या लोकांची मोठी, जुनी वस्ती आहे. आपल्या माणसांच्या दाटीत संशयाची झळ कमी लागत असेल, हे एक संभाव्य स्पष्टीकरण. सिद्ध झालेलं नव्हे.

कोसळलेल्या मनोऱ्यांच्या धुळीचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण त्या दिवशी मेले. ढिगाऱ्याच्या धुळीत काम केल्याने पुढे आजारी पडून मेलेल्या जवानांची संख्या सप्टेंबर २०२३ मध्ये तितकीच झाली. त्यांच्या उपचारांसाठीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही व्हायला जानेवारी २०११ उजाडलं. पॅट्रियट ॲक्टला ४५ दिवस पुरले होते.

वेगळा मार्ग निघू शकतो का, यासाठी नेहमी नॉर्वेचं नाव घेतलं जातं. २२ जुलै २०११ रोजी एका अतिउजव्या नॉर्वेजियन माणसाने ओस्लोत आणि उतोया बेटावर ७७ जणांना मारलं, त्यांत बरीच किशोरवयीन मुलं होती. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी उत्तर म्हणून अधिक लोकशाही आणि अधिक खुलेपणा यांची हाक दिली. पाहण्यांमध्ये लोकांचा एकमेकांवरचा आणि संस्थांवरचा विश्वास चक्क वाढलेला दिसला. हल्लेखोर परका नव्हता, हेही त्यामागे असावं असं मला वाटतं. बोट दाखवायला बाहेरचा गटच हाताशी नव्हता. पुढच्याच वर्षी चौकशी आयोगाने मात्र पोलिसांच्या ढिसाळपणावर कडक ताशेरे ओढले.

तिथेही स्मारकाचा प्रश्न सुटता सुटेना. उतोयासमोरच्या भूशिराला आरपार चीर पाडण्याची एक कल्पना निवडली गेली होती. शेजारच्या रहिवाशांनी ती हाणून पाडली आणि २०१७ मध्ये सरकारने ती गुंडाळली. हीच ती माणसं, ज्यांनी हल्ल्याच्या दिवशी स्वतःच्या होड्या पाण्यात घालून पोहत सुटलेल्या मुलांना वाचवलं होतं. रोज खिडकीतून तेच आठवायला लावू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. मृतांच्या पालकांना स्मारक हवं होतं. पुढे बोटींच्या धक्क्यावर ७७ कांस्य स्तंभ उभे करायचं ठरलं, तेव्हा रहिवासी कोर्टात गेले आणि हरले. २०२२ साली ते स्मारक खुलं झालं.