गळाला लागलेला मासा ताटात येईपर्यंत : अलास्कातील होमर येथे कयाकवरून (वल्ह्याच्या लहान, अरुंद होडीवरून) मासेमारी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सिअ‍ॅटल, बे एरिया आणि टोरांटोहून दर उन्हाळ्यात आमच्याकडे येणारी मराठी कुटुंबे परत गेल्यावर एकच प्रश्न कळवतात : मासा आम्ही स्वतः पकडला, म्हणजे तो ताजाच होता, तरीही कालवणाला वास का आला? हे पत्रक मुख्यतः त्या एका प्रश्नासाठी लिहिले आहे. वल्हे कसे मारावे, गळाला आमिषाचा हेरिंग मासा कसा लावावा, अंगाला पाणी न लागू देणारा कोरडा सूट का घालावा, हे आपणास ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो.

मासा शिळा नव्हता, त्याचे रक्त काढलेले नव्हते. मोठ्या बोटीवर हे काम खलाशी करतो आणि ग्राहकाच्या ते लक्षातही येत नाही. कयाकवर मात्र खलाशी आपणच असता. मासा जाळीत आल्याच्या आनंदात आधी फोटो निघतात, मग मासा पायांशी ठेवला जातो आणि लगेच दुसरा गळ पाण्यात जातो. मधल्या अर्ध्या तासात रक्त मांसात गोठते आणि ते नंतर कितीही धुतले तरी निघत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. मासा कयाकला लागताच आम्ही दिलेल्या लाकडी दांडक्याने त्याच्या डोळ्यांच्या किंचित मागे एक नेमका घाव घालावा, म्हणजे तो तडफडत नाही. लगेच सुरीने दोन्ही बाजूंचे कल्ले कापावेत आणि तोंडातून दोरी ओवून मासा पाण्यात धरावा. हृदय अजून चालू असल्याने तेच रक्त बाहेर ढकलते. पाणी आधी लाल, मग गुलाबी आणि शेवटी स्वच्छ दिसू लागते. याला पाच ते दहा मिनिटे पुरतात. त्याहून अधिक वेळ मासा दोरीवर सोडून ठेवू नये, कारण काचेमॅक उपसागरातले सील अशा माशावर लक्ष ठेवूनच असतात. नंतर पोट साफ करून, पोटात मूठभर बर्फ भरून मासा बर्फाच्या पिशवीत ठेवावा.

अलास्कात बर्फ कशाला, असे बरेच जण विचारतात आणि वजन वाचवण्यासाठी पिशवी किनाऱ्यावरच ठेवून जातात. उन्हाळ्यातही इथल्या समुद्राचे पाणी साधारण १० अंश सेल्सिअस असते हे खरे, पण मासा पाण्यात नसतो, तो उन्हात तापलेल्या प्लास्टिकवर असतो. मागच्या ऑगस्टमध्ये एका ग्राहकाने तीन तास तसाच ठेवलेला सुंदर सिल्व्हर सॅमन आम्ही संध्याकाळी कापला, तेव्हा पोटाकडचे मांस काट्यांपासून आपोआप सुटत होते आणि कण्याच्या कडेची रेघ काळपट पडली होती. पोटातले पाचक रस थांबत नाहीत. भरपेट खाल्लेल्या माशाचे पोट ते आतूनच पोखरतात. असा मासा साफ करायला आम्हाला तिप्पट वेळ लागतो आणि हाती निम्माच येतो. म्हणूनच रक्त न काढलेला मासा आम्ही निर्वात पॅकिंगसाठी स्वीकारत नाही. हा नियम काहींना कडक वाटतो. परंतु पाकिटावर आमची चिठ्ठी असते आणि आतल्या माशाची जबाबदारी आम्हाला घ्यायची असते.

हॅलिबटबाबत आणखी काळजी घ्यावी. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला हा चपटा मासा तळावर शांत पडून असतो, वर येतानाही गरीब वाटतो आणि कयाकजवळ आल्यावर एकाएकी उसळतो. जिवंत हॅलिबट मांडीवर घेणे म्हणजे स्वतःला पाण्यात लोटून घेणे होय. त्याला कयाकच्या बाजूलाच हार्पून (दोरी बांधलेला भाला) लावावा, कल्ले कापावेत, शेपटी डोक्याकडे ओढून दोरीने बांधावी आणि मगच वर घ्यावा. एक मीटरहून लांब मासा दिसल्यास दोर कापून सोडून द्यावा, असे आम्ही सांगतो; एवढ्या मोठ्या बहुतेक माद्या असतात आणि कयाकवर त्या आवरत नाहीत. समुद्रावर हॅलिबटची कातडी काढणे नियमात बसत नाही, ते काम किनाऱ्यावरच होईल. अलास्काबाहेरून आलेल्या, सोळा वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला परवाना लागतो. किंग सॅमनसाठी वेगळा शिक्का लागतो आणि त्याची मासेमारी अनेकदा बंदही असते, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्यविभागाचे चालू नियम पाहावेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आम्ही हॅलिबटसाठी आरक्षण देत नाही, यावरही नाराजी असते. कोकणातल्या मंडळींना उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) वेगळे सांगायला नकोत, फक्त इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्याही वर जातो. अशा ओढीत गळाचे शिसे (वजन) तळाला टिकत नाही आणि परतीची वाट दमवते. भांगाचे दिवस निवडल्यास तेवढ्याच पैशांत अधिक वेळ गळ तळावर राहतो.

आता स्वयंपाकाविषयी. तुकड्या एकदाच गार पाण्याखाली धरून टिपून घ्याव्यात. वारंवार धुतल्याने त्या मऊ पडतात. हॅलिबटला चरबी कमी असल्याने तो कालवणात सुरमईपेक्षाही लवकर कोरडा होतो. ओले खोबरे, मिरची, धणे आणि तिरफळांचे वाटण नीट उकळून, आमसुले घालून, शेवटी तुकड्या सोडाव्यात, डाव न घालता पातेलेच हलवावे आणि चार-पाच मिनिटांत आच बंद करावी. सॅमनला स्वतःचे तेल भरपूर असते, त्याला नारळ जड होतो. आले-लसूण, हळद आणि आगळ लावून, कातडीची बाजू खाली ठेवून तव्यावर भाजलेला तो उत्तम लागतो. वर गोठलेल्या प्रथिनाचा पांढरा साका दिसू लागला की आच जास्त झाली असे समजावे. तुकडीच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस तापमान पुरे. कच्चा सॅमन खाण्याची इच्छा असल्यास तो आधी उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला असावा, कारण त्यात सूत्रकृमी असू शकतात. घरच्या फ्रीजवर विसंबू नये.

दांडका, सुरी, हार्पून आणि बर्फाची पिशवी भाड्यातच धरलेली आहे आणि रक्त काढण्याचे प्रात्यक्षिक निघण्यापूर्वी प्रत्येक गटाला दाखवले जाते, त्यासाठी अर्धा तास आधी यावे. तिरफळे, आमसुले आणि आगळ आम्ही दरवर्षी मालवणहून मागवतो. आपला मासा संध्याकाळी आमच्याच स्वयंपाकघरात करायचा असल्यास आरक्षणाच्या वेळीच सांगावे, कारण तिथे एका वेळी दोनच कुटुंबांची सोय होते.