तेच पद, नवा गळा : संगीत नाटकातील पात्रबदलाची पार्श्वभूमी

रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात ‘सौभद्र’ किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ लागले, की तिकीट काढण्याआधी पहिली चौकशी होते ती सुभद्रा कोण करते आणि खाँसाहेब कोण गातो, याची. कथा ठाऊक असते, पदे तोंडपाठ असतात, नारदाचा प्रवेश केव्हा येणार हेही माहीत असते. उत्सुकता असते ती नव्या गळ्याची, आणि तिच्या जोडीला थोडी धास्तीही असते. आवडत्या नाटकाला नव्या संचात पुन्हा सामोरे जाण्याची ही धास्ती मराठी संगीत रंगभूमीइतकीच जुनी आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला, तेव्हा शकुंतलेच्या भूमिकेत शंकरराव मुजुमदार होते. पुढे 1882 मध्ये भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत आले आणि ती भूमिका त्यांच्याकडे गेली. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्र’ची सुभद्राही त्यांचीच. स्त्रीभूमिका पुरुषांनी करावयाच्या असल्यामुळे पात्रबदल हा त्या व्यवसायाचाच भाग होता. वय वाढले, अंग भरले, आवाज बदलला की नायिकेचा नायक व्हायचा. स्वतः भाऊरावांनी पुढे 1899 च्या ‘शारदा’ नाटकात कोदंडाची भूमिका केली. 1901 मध्ये ते वारले आणि चारच वर्षांनी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन शकुंतला करू लागले. भाऊरावांचे गाणे ज्यांच्या कानांत ताजे होते, अशाच प्रेक्षकांपुढे त्या विशीही न गाठलेल्या मुलाला तीच पदे म्हणावी लागली, हे आज सहसा लक्षात घेतले जात नाही. पुढे दंतकथा झालेला हा नटही एके काळी ‘नव्या संचातला’च होता.

संगीत नाटकात पात्रबदल गद्य नाटकापेक्षा अधिक जाणवतो, याचे कारण पदाच्या घडणीत आहे. चाल बांधलेली असते, पण ती किती आणि कशी फुलवायची हे गाणाऱ्यावर सोपवलेले असते. तान कुठे घ्यायची, ‘वन्स मोअर’ आल्यावर पद पुन्हा कोणत्या अंगाने मांडायचे, हे संहितेत लिहिलेले नसते. त्यामुळे गायक बदलला की शब्द आणि राग तेच राहूनही पदाचा स्वभाव बदलतो.

कोकणाचा या परंपरेशी संबंध केवळ प्रेक्षक म्हणून नाही. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ 1931 मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, जे सावंतवाडी संस्थानात जन्मलेले; आणि त्यातली पदे गाजवली ती गोव्यातील मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी. दीनानाथांच्या त्या आक्रमक, चपळ गायकीची ओढ ज्यांना लागली, त्यांत वसंतराव देशपांडे होते.

याच वसंतरावांनी 24 डिसेंबर 1967 रोजी रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार’मध्ये खाँसाहेब आफताब हुसेन उभे केले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, निर्मिती ‘नाट्यसंपदा’ची आणि संगीत पुन्हा मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींचे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब यांच्या गायकीतला संघर्ष हाच या नाटकाचा विषय आहे आणि अभिषेकीबुवांनी तो एका पदात स्पष्ट ऐकवला आहे. ‘घेई छंद मकरंद’ या पदाच्या दोन चाली आहेत: एक पंडितजींच्या घराण्याची, सालगवराळी रागातली, संथ आणि आर्जवी, दुसरी खाँसाहेबांची, धानी रागातली, द्रुत आणि झेपावणारी. शब्द तेच असताना गाणे किती वेगळे होऊ शकते, हे या नाटकातच दाखवून दिलेले आहे. वसंतराव 1983 मध्ये गेल्यावर त्यांच्याशिवाय ‘कट्यार’ नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. 2010 मध्ये सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली ते पुन्हा उभे राहिले. खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव झाले महेश काळे. त्या संचाने जुन्या प्रेक्षकाला जिंकले याचे श्रेय, माझ्या मते, नकलेला नाही. आजोबांची जागा घेताना नातवाने ती स्वतःच्या स्वरात भरून काढली, याला आहे.

व्यावसायिक मंडळींपलीकडे कोकणात पात्रबदलाची आणखी एक शाळा होती, ती गावच्या उत्सवाची. माघी गणपती, महाशिवरात्र किंवा रामनवमीला देवळापुढच्या मांडवात गॅसबत्तीच्या उजेडात गावचीच माणसे ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ करीत. येथे भूमिका बदले ती बहुधा मुंबईमुळे. कृष्ण करणारा गिरणीत नोकरीला लागे, त्याला रजा मिळत नसे, आणि चार दिवसांवर आलेला कृष्ण त्याच्या धाकट्या भावाच्या गळ्यात पडे. पुढच्या वर्षी थोरला परत आला तरी गाव धाकट्याचाच कृष्ण मागे, असेही घडे.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत ‘सौभद्र’ची हाताने उतरवलेली एक वही अजून आहे. प्रत्येक पदाशेजारी पेटीवाल्यासाठी पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर ‘सा’ धरायचा ते, लिहिलेली आहे. सुभद्रेच्या पदांपुढे निळ्या शाईत ‘काळी एक’ असे होते. सुभद्रा पुरुष करीत असे तेव्हाचे ते. त्यावर पेन्सिलीने काट मारून, गावातली मुलगी प्रथमच उभी राहिली त्या वर्षी, कोणीतरी ‘काळी चार’ असे लिहिले आहे. त्याखाली, अलीकडच्या बॉलपेनाने, ‘काळी पाच’.