बग्गी, रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड : किटची जुळणी व सेटअप

माती, कृत्रिम हिरवळ किंवा गालिचा अंथरलेल्या, उड्या आणि खाचखळगे असलेल्या धावपट्टीवर रेडिओ लहरींनी दुरून पळवायची छोटी शर्यतीची गाडी. शर्यतीच्या दर्जाची बग्गी बहुधा तयार मिळत नाही. क्रमांक घातलेल्या पिशव्यांतले सुटे भाग, स्क्रू आणि जुळणी-पुस्तिका असे किट येते. मोटर, स्पीड कंट्रोलर (मोटरची वीज कमी-जास्त करणारा भाग), सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रेडिओचा संदेश घेणारा भाग), बॅटरी आणि बरेचदा टायरही वेगळे घ्यावे लागतात. प्रस्तुत नोंद विजेवर चालणाऱ्या, १:१० प्रमाणाच्या, फक्त मागच्या चाकांना गती मिळणाऱ्या (टू-व्हील-ड्राइव्ह) बग्गीविषयी आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतींत हिचे किमान वजन १४७४ ग्रॅम असते.

जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ ही किटे आणली आणि मातीवरचा हा छंद पसरला. त्या खेळण्यातल्या दणकट गाड्या होत्या. निव्वळ शर्यतीसाठी आखलेली बग्गी म्हणून अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीच्या १९८४ च्या ‘आरसी१०’ चे नाव घेतात; सोनेरी ॲल्युमिनियमची टबासारखी चासी (गाडीचा सांगाडा) ही तिची ओळख. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या प्रमाणाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. जुन्या गाड्यांत मोटर मागच्या धुरेच्याही मागे असे. निसरड्या मातीत ती मांडणी आजही चालते, कारण वजन चालत्या चाकांवर पडते. धावपट्ट्यांची पकड वाढल्यावर मात्र मोटर धुरेच्या पुढे घेतलेल्या गाड्या सरस ठरल्या.

जुळणी. सेटअपच्या (धावपट्टीनुसार गाडीत करायच्या फेरबदलांच्या) नावाखाली जे दोष शोधले जातात त्यांतले निम्मे जुळणीतच शिरलेले असतात. कुठे अडकते आहे आणि डावी बाजू उजवीसारखी आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक पिशवी संपली की विचारावेत. हत्यारे थोडीच लागतात, पण चांगली हवीत : १.५, २ आणि २.५ मिमीचे कडक टोकाचे हेक्स ड्रायव्हर, व्हर्नियर कॅलिपर, शॉकचा (धक्के शोषणाऱ्या, तेल भरलेल्या नळीचा) दांडा धरायची खास पक्कड. धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूलाच निळा थ्रेडलॉक (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा द्रव) लावावा; प्लॅस्टिकला लागला तर ते ठिसूळ होऊन तडकते. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसवताना आधी तो उलटा फिरवावा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मग आवळावा. नाहीतर दरवेळी नवा आटा पडतो आणि तिसऱ्या खेपेला भोक सैल होते.

पहिला अवघड भाग डिफरन्शियल (थोडक्यात डिफ), म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा. ब्रिटिश अभियंता सेसिल शूमाकर यांनी या खेळात रूढ केलेल्या बॉल डिफमध्ये दातांऐवजी दोन कड्यांमध्ये दाबलेल्या बारीक गोळ्या असतात. कड्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासून घ्याव्यात, गोळ्यांना सिलिकॉन ग्रीस अगदी पुसट आणि थ्रस्ट बेअरिंगला (डिफच्या स्क्रूचा दाब झेलणाऱ्या बेअरिंगला) काळे ग्रीस लावावे. दोन्ही ग्रीसची अदलाबदल झाली तर डिफ घसरतो किंवा खरखरतो. स्क्रू एकदम आवळू नये. थोडा आवळून डिफ हाताने वीस-तीस वेळा फिरवावा, मग एकअष्टमांश फेरा आणखी. तपासणी अशी : मागची दोन्ही चाके घट्ट धरून स्पर गिअर (मोटरकडून गती घेणारे मोठे दंतचक्र) अंगठ्याने ढकलावा. स्लिपर क्लच (जादा ताण आला की घसरून गिअर वाचवणारा भाग) आधी घसरला पाहिजे. डिफ आधी घसरत असेल तर काही फेऱ्यांतच गोळ्या आणि कड्या खराब होतात. गिअर डिफ असेल तर सिलिकॉन तेल, साधारण ५,०००–१०,००० सीएसटीचे (सेंटिस्टोक, तेलाच्या दाटपणाचे एकक), आतली दंतचक्रे जेमतेम बुडेपर्यंत. काठोकाठ भरलेला डिफ हमखास गळतो.

सस्पेन्शनचे आर्म (चाके धरणारे हलते दांडे) शॉक जोडण्याआधी उचलून सोडावेत. स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवेत. अडखळत असतील तर पिन वाकलेली आहे का ते सपाट काचेवर गडगडवून पाहावे, मगच भोक रीमरने किंचित मोकळे करावे. टर्नबकलच्या (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या जोडदांड्याच्या) एका टोकाला उलटा आटा असतो आणि त्या बाजूला खाच असते. सगळ्या खाचा गाडीच्या डाव्या बाजूला ठेवल्या की पाना कुठल्या दिशेने फिरवायचा हे ऐन शर्यतीत आठवावे लागत नाही.

शॉक हे सर्वांत वेळखाऊ काम, आणि घाई इथेच नडते. दांडा साध्या पकडीत धरला तर ओरखडा पडतो, तो ओरखडा ओ-रिंग कापतो आणि तेल झिरपते. तेल भरून पिस्टन सावकाश वर-खाली करावा, शॉक दहा मिनिटे उभा ठेवून बुडबुडे जाऊ द्यावेत, मग झाकण लावून जादा तेल बाहेर काढावे. जोडीतले दोन्ही शॉक पूर्ण ताणून कॅलिपरने मोजावेत आणि एकत्र दाबून पाहावेत. लांबी आणि परत येण्याचा वेग सारखा हवा. तेलाच्या बाटलीवरचा ‘३० वेट’ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो, म्हणून तुलना सीएसटीमध्ये करावी (असोसिएटेडचे ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी). थंडीत तेल दाटते, तेव्हा एक पायरी पातळ घ्यावे.

विद्युत भाग. सर्व्होचा हॉर्न (त्याच्या दांड्यावरची छोटी पट्टी) बसवण्याआधी रेडिओ सुरू करून ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य ठरवणारी जुळवणी) शून्यावर आणावे. पिनियन (मोटरवरचे छोटे दंतचक्र) आणि स्पर यांच्यात कागदाची पट्टी घालून दात जुळवावेत, पट्टी काढल्यावर किंचित खेळ उरतो तेवढा पुरे. पिच म्हणजे दातांचा बारीकपणा; ४८ पिचचा पिनियन ६४ पिचच्या स्परला चालत नाही. एकूण गुणोत्तर म्हणजे स्पर भागिले पिनियन, गुणिले गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर : ७२ भागिले ३०, गुणिले २.६ म्हणजे ६.२४. असे गुणोत्तर १७.५ टर्नच्या (तारेच्या वेढ्यांच्या; वेढे जास्त तितकी मोटर मंद) मंद मोटरला शोभते. मॉडिफाइड (वेगवान मोटरींच्या) वर्गातल्या ७.५ टर्नच्या मोटरला ते दिले तर ती तापते. पिनियन एकेका दाताने बदलावा आणि पाच मिनिटे पळवून तापमान पाहावे. मोटर ७०–७५ अंश सेल्सिअसच्या पुढे जात असेल तर पिनियन लहान करावा, कारण अति तापल्याने रोटरचे (मोटरच्या फिरत्या भागाचे) चुंबकत्व कायमचे कमी होते.

सेटअप. आधी टायर. चुकीच्या टायरची उणीव कोणताही स्प्रिंग भरून काढत नाही. चिकटवण्यापूर्वी टायरची कड क्लीनरने पुसावी. साच्यातले तेलकट आवरण राहिले तर सुपरग्लू सुटतो आणि टायर वळणावर रिममधून निघतो. मातीवर गाडीची उंची २२–२४ मिमी, गालिच्यावर १६–१८ मिमी. मोजताना बॅटरी आत हवी आणि गाडी वीतभर उंचीवरून टाकलेली हवी. मागे प्रत्येक चाकाला ३ अंश टो-इन (चाकाचे पुढचे टोक आत वळलेले), पुढे शून्य ते १ अंश टो-आउट (ते बाहेर वळलेले), कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) सर्वत्र उणे १ च्या आसपास, इथून सुरुवात करावी. मागचा भाग वळणात सुटत असेल तर मागचे स्प्रिंग मऊ करावे किंवा पुढचे कडक. गालिच्यावर उलट तक्रार येते : पकड इतकी की गाडी आडवी होते. तेव्हा उंची उतरवावी, नाही जमले तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या बाजूला सुपरग्लूचा पातळ थर द्यावा. एका वेळी एकच बदल, आणि तो लिहून. दोन बदल एकदम केले की कोणता लागू पडला ते कळत नाही.

निगा. माती ब्रशने झाडावी. पाणी वापरल्यास बेअरिंगांना लगेच तेल द्यावे. बॉल डिफ हाताला खरखरीत लागला की उघडायची वेळ झाली. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ८.४० व्होल्टपर्यंत भरतात. दुसऱ्या दिवशी शर्यत नसेल तर ती प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी, भरलेली ठेवली तर फुगते.