चिपर : गोल्फमधील आखूड फटक्याचा क्लब

ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताच्या, कडेवरून चेंडू जेमतेम उचलून बाकीचे अंतर घरंगळत नेण्यासाठी बनवलेला गोल्फचा क्लब म्हणजे चिपर. पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) आणि आयर्न (धातूच्या पात्याचा, नंबर लावलेला क्लब) या दोघांची ठेवण त्यात एकत्र आलेली असते. दांडा पटरसारखा आखूड, साधारण ३४ ते ३६ इंच, आणि बराच उभा. डोके मात्र आयर्नसारखे मागे कललेले. मुखाच्या या कलाला लॉफ्ट म्हणतात. पटरचा लॉफ्ट ३-४ अंश, सँड वेजचा ५४ ते ५८ अंश असतो (वेज म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब). चिपरचा बहुधा ३० ते ४० अंशांत, म्हणजे सात किंवा आठ नंबरच्या आयर्नएवढा असतो. तळ रुंद असल्याने तो गवतात सहसा रुतत नाही.

ही कल्पना जुनी आहे. लाकडी दांड्यांच्या काळात ‘जिगर’ नावाचा आखूड दांड्याचा, उथळ पात्याचा क्लब याच कामासाठी वापरत. पुढे अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून एका खेळाडूला १४ क्लबांचीच मुभा राहिली, आणि एकाच कामाचे असे क्लब बॅगेत ठेवणे महाग पडू लागले. चिपर घ्यावा की नाही, या वादाचे मूळ त्या चौदाव्या जागेत आहे. मनगट न मोडता, पटरच्या चालीने चिप, म्हणजे असा आखूड फटका, मारण्याची पद्धत मात्र चिपरवाचून कधी अडली नाही. याच पद्धतीसाठी ओळखले जाणारे अमेरिकन खेळाडू पॉल रनयन यांनी १९३८ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात त्यांच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या सॅम स्नीडना हरवले होते.

नियम

चिपर नियमबाह्य असतो, हा समज चुकीचा आहे. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांत चिपर हा आयर्न मानला जातो, पटर नव्हे. कारण पटरचा लॉफ्ट १० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे पटरला मिळणाऱ्या सवलती चिपरला मिळत नाहीत. दांडा टाचेकडेच (डोक्याच्या खेळाडूकडच्या टोकाला) जोडलेला हवा, पकड एकच आणि गोल छेदाची हवी, मारण्याचे मुख एकच हवे. पटरवर असते तशी चपट्या पुढच्या बाजूची पकड चिपरवर चालत नाही. उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी मारता येईल असा दुतोंडी चिपर बाजारात मिळतो, पण त्याने एक फटका जरी मारला तरी स्पर्धेतून बाद व्हावे लागते. तो नुसता बॅगेत असला तर दंड नाही, मात्र १४ मध्ये तो मोजला जातो. पंधरावा क्लब सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) ज्या-ज्या होलवर, म्हणजे मैदानाच्या भागावर, तो बॅगेत होता त्या प्रत्येकी दोन फटके, एका फेरीत जास्तीत जास्त चार, असा दंड बसतो. जुना चिपर विकत घेताना आधी पकड तपासावी. आधीच्या मालकाने हौसेने पटरची पकड चढवलेली असू शकते.

वेजने का बिघडते, चिपरने का सुधारते

चेंडू ग्रीनबाहेर दोन पावलांवर आहे आणि गवत चेंडूच्या दिशेने, म्हणजे खेळाडूच्या अंगावर झुकलेले आहे, असे समजा. उष्ण प्रदेशातल्या मैदानांवर बर्म्युडा जातीचे गवत फार असते आणि त्याची पाती एका बाजूला कलून वाढतात. वरून पाहताना गवत चकाकत असेल तर ते पुढे झुकलेले असते, गडद दिसले तर उलटे. अशा उलट्या गवतात वेजची पुढची धार चेंडूच्या बोटभर आधी टेकली की पात्यांत अडकते, डोके तिथेच थांबते आणि चेंडू हातभर सरकतो. हा डफ. पुढच्या वेळी त्याच भीतीने खेळाडू अंग वर उचलतो, धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. हा थिन. दोन्ही चुकांचे मूळ एकच: लॉफ्ट जास्त असल्याने झोका मोठा घ्यावा लागतो आणि झोका मोठा झाला की मनगट मध्ये येते.

चिपरला झोका लहान पुरतो, म्हणून चूकही लहान राहते. पटरशी तुलना केली तरी त्याचा एक फायदा आहे. ग्रीनबाहेरच्या गवतातून पटरने मारलेला चेंडू पहिल्या हातभरात किती वेग गमावेल याचा नेम नसतो. चिपर तेवढा पट्टा हवेतून ओलांडतो.

मारण्याची रीत

पाय जवळ घ्यावेत, दोहोंत वीतभर अंतर पुरे. चेंडू दोन पायांच्या मधोमध किंवा किंचित मागच्या पायाकडे असावा. भार थोडा जास्त पुढच्या पायावर, हात चेंडूच्या बोट-दोन बोटे पुढे, पकड पटरचीच. खांदे हलवून मारावे. मनगट स्थिर राहिले पाहिजे. मागे जितका झोका तितकाच पुढे. चेंडू उचलण्याचे काम लॉफ्टचे आहे, त्याखाली क्लब घालून तो वर काढायला गेले की डफ ठरलेला. सगळ्यात नेहमीची चूक मात्र जोराची असते. वेजच्या सवयीने मारलेला चेंडू चिपरवरून होलच्या पार पुढे जातो, आणि पुढचा फटका भीतीपोटी मध्येच आखडतो.

अंतराचा हिशेब करायला बाराचा नियम कामी येतो: बारातून आयर्नचा नंबर वजा करावा, उरतील तितके हिस्से चेंडू घरंगळतो, एक हिस्सा हवेतून जातो. पिचिंग वेज दहा नंबरचा धरतात. आठ नंबरच्या लॉफ्टचा चिपर म्हणजे एकास चार. चेंडू कडेपासून दोन मीटर बाहेर आणि होल कडेपासून १३ मीटर आत असेल तर एकूण १५ मीटर: तीन मीटर हवेत, १२ मीटर घरंगळत, टप्पा ग्रीनवर एक मीटर आत. याहून सोयीचा फटका नाही. पण तोच होल कडेपासून चारच मीटर आत असेल तर एकूण सहा मीटर होतात आणि टप्पा सव्वा मीटरवर, म्हणजे ग्रीनबाहेरच्या गवतातच येतो. इथे चिपर बाजूला ठेवून वेज काढावा. हा हिशेब सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनचा आहे. चढावर एक नंबर खालचा आणि उतारावर वरचा क्लब घेतात. चिपरचा लॉफ्ट एकच असल्याने ती सोय त्यात नाही.

गोव्याच्या मैदानांवर

गोव्यातली गोल्फची ओळखीची मैदाने किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना जोडलेली आहेत: सासष्टीत मोबोरला साळ नदी आणि अरबी समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यावर १२ होलचे छोटे मैदान, आणि काणकोणात राजबागला नऊ होलचे. मोबोरच्या मैदानावर सगळे होल पार-तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे, आहेत. अशा मैदानावर ड्रायव्हर आणि फेअरवे वुड हे लांब फटक्यांचे क्लब लागतच नाहीत, त्यामुळे चौदाव्या जागेचा प्रश्नही मिटतो. सहा-सात क्लबांची हलकी बॅग घेऊन खेळणाऱ्याने त्यात एक चिपर ठेवला तर काहीच बिघडत नाही.

खरा फरक ऋतूचा पडतो. नोव्हेंबर ते मे जमीन कोरडी आणि टणक असते. किनाऱ्याची रेताड जमीन पाणी झटकन पिते, वर गवताचा पातळ थर उरतो आणि वेजला चेंडूखाली शिरायला जागा मिळत नाही. दुपारनंतर खारे वारे सुटले की उंच उडालेला चेंडू भरकटतो. चिपरचे हे दिवस. जून ते सप्टेंबर उलटी गत. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. ओल्या ग्रीनवर चेंडू टप्प्यालाच चिकटतो आणि एकास चारचा हिशेब कोलमडतो. टप्पा ग्रीनबाहेर मऊ मातीत पडला तर चेंडू तिथेच बसतो. चतुर्थीच्या सुमारास ऊन पडले तरी वरून सुकलेले ग्रीन आतून ओलेच असते. या दिवसांत खेळण्याआधी सराव-ग्रीनवर पाच चेंडू मारून टप्प्यानंतरचे अंतर पावलांनी मोजावे आणि त्या दिवसाचे प्रमाण ठरवावे. पाणी साचलेल्या जागेतून दंडाशिवाय सुटका मिळते, हेही लक्षात ठेवावे.

खारी हवा क्लबांना बाधते. खेळून झाल्यावर मुखावरच्या खाचा ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ करून डोके कोरडे पुसावे. ओले आवरण चढवून ठेवले तर आठवडाभरात गंज धरतो.

घ्यावा की नाही

बंकर (वाळूचा खड्डा) किंवा दुसरा खड्डा ओलांडायचा असेल, चेंडू खोल रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, बसला असेल किंवा होल कडेला चिकटून असेल तर चिपर निरुपयोगी. उरलेल्या कामासाठी आठ नंबरचा आयर्न बॅगेत असतोच. तो पकडीच्या खालच्या टोकाला धरावा, दांडा उभा करावा, टाच जमिनीपासून उचलून टोकावर ठेवावा: जवळजवळ चिपरच हातात येतो. मात्र टाच उचलल्याने उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू थोडा उजवीकडे निघतो, तेवढा नेम डावीकडे धरावा.

म्हणून विकत घेण्याआधी तुलना करून पाहावी. ग्रीनच्या कडेपासून एक मीटर आत टॉवेल पसरावा. दोन मीटर बाहेरून आठ नंबरने दहा चेंडू आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या चिपरने दहा चेंडू मारावेत. टॉवेलवर किती पडले आणि होलपासून क्लबभर अंतरात किती थांबले, दोन्ही मोजावे. आकडे सारखे आले तर ती जागा जास्तीच्या वेजला द्यावी. महिन्यातून एकदा खेळणाऱ्या, वेज हातात घेतला की मनगट थरथरणाऱ्या खेळाडूच्या हातून चिपरचे चेंडू दहात तीन-चार जास्त थांबत असतील, तर क्वचितच लागणारा तीन नंबरचा आयर्न घरी ठेवून चिपर बॅगेत घ्यावा.