टक्... टक्... टकटकटक : देवमाशांचं बोलणं ऐकताना

कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून समुद्राचा तळ एकदम खाली जातो. तिथे बोटीचं इंजिन बंद करून हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन सोडला, की सुरुवातीला नुसती पाण्याची खळखळ ऐकू येते. कान सरावला की तिच्यातून टिचक्या वेगळ्या होतात. कुणीतरी लाकडी फळीवर नखाने वाजवावं तशा. टक्... टक्... टकटकटक. दोन सुट्या, मग तीन एकापाठोपाठ. जेमतेम दीड सेकंदात सगळं आटपतं. आणि लगेच दुसऱ्या बाजूने तोच ठेका परत येतो.

हे स्पर्म व्हेल. आजी, आई, मावश्या आणि पिल्लं अशी त्यांची घरं असतात. नर वयात आले की घर सोडून थेट ध्रुवांकडच्या थंड पाण्याकडे निघून जातात. अशी बरीच घरं मिळून एक कूळ होतं, आणि कूळ ओळखायचं ते आवाजावरून. दोन सुट्या आणि तीन जोडलेल्या टिचक्यांचा हा ठेका पूर्व कॅरिबियनमधल्या एका मोठ्या कुळाची खूण आहे. त्याच पाण्यात वावरणाऱ्या दुसऱ्या कुळाचे ठेके निराळे, आणि ही दोन कुळं एकमेकांत मिसळत नाहीत. अशा ठेक्याला शास्त्रज्ञ ‘कोडा’ म्हणतात.

‘एआय आता देवमाशांची भाषा उलगडणार’ अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. भाषांतराचं ते स्वप्न मलाही खुणावतं. पण अर्थ लागेल तेव्हा लागेल. तोवर ही यंत्रं जे नुसतं ऐकताहेत, त्यातूनही देवमाशांचे जीव वाचवता येतात. बातम्यांच्या गर्दीत हे काम मागे पडतं, म्हणून त्याविषयी लिहायचं आहे.

आधी हे लक्षात घ्यायला हवं, की समुद्रात डोळ्यांचा उपयोग फार थोडा. अगदी नितळ पाण्यातही काही दशक मीटरांपलीकडचं दिसत नाही, आणि २०० मीटर खोलीनंतर उजेड जवळजवळ संपतो. आवाजाचं मात्र उलट. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त, आणि सहजासहजी विरत नाही. निळा देवमासा आणि फिन व्हेल यांचे खर्जातले सूर शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. त्यामुळे डोळ्यांना एकटाच दिसणारा देवमासा खरोखर एकटा असेलच असं नाही. त्याचा सोबती क्षितिजापलीकडून त्याला ऐकत असू शकतो.

स्पर्म व्हेलचं डोकं त्याच्या शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतं, आणि ते बऱ्याच अंशी आवाजाचं यंत्रच आहे. नाकपुडीजवळच्या ओठांसारख्या पडद्यांवर टिचकी उमटते. ती तेलाने भरलेल्या पिशवीतून मागे कवटीकडे जाते, तिथल्या हवेच्या फुग्यावर आपटून परत फिरते आणि कपाळातून बाहेर पडते. आवाजाचा थोडा अंश आतच आणखी फेऱ्या मारतो, म्हणून एका टिचकीत खरं तर बारीक टिचक्यांची माळ असते. माळेतल्या लागोपाठच्या दोन टिचक्यांमधलं अंतर डोक्याच्या लांबीवर ठरतं. म्हणजे नुसत्या ध्वनिमुद्रणावरून प्राणी किती लांबीचा आहे याचा अंदाज काढता येतो. मला ही युक्ती फार आवडते. न बघता, न पकडता, एका टिचकीवरून माप!

डॉमिनिकाच्या या घरांचा पाठपुरावा जीवशास्त्रज्ञ शेन गेरो २००५पासून करत आहेत. कोण कुणाची लेक, कुणाचं पिल्लू कधी जन्मलं, हे सगळं नोंदलेलं आहे. २०२०मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रुबर यांच्या पुढाकाराने स्पर्म व्हेलचं बोलणं उलगडू पाहणारा ‘प्रोजेक्ट सेटी’ सुरू झाला, आणि या जुन्या नोंदींना संगणकशास्त्रज्ञांची जोड मिळाली. २०२४मध्ये प्रत्युषा शर्मा आणि सहकाऱ्यांनी ८,७१९ कोडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी कॅरिबियनमधल्या कोडांचे २१ प्रकार मानले जात. या अभ्यासाने टिचक्या मोजण्यापलीकडे जाऊन त्यांच्यामधल्या वेळेचे बारकावे पाहिले.

जे सापडलं ते आपल्या संगीताच्या शब्दांत सहज सांगता येतं. प्रत्येक कोडाला एक ताल असतो, असे १८ ताल मिळाले. तोच ताल वेगवेगळ्या लयींत येतो, अशा ५ लयी. शिवाय एक मादी बोलता बोलता लय किंचित ओढते किंवा आवळते, आणि गंमत म्हणजे समोरची मादी तिच्या बरोबरीने तशीच ओढते-आवळते, जुगलबंदीत दोघी एकमेकींना धरून राहतात तशी. चौथी गोष्ट मला सर्वांत लोभस वाटते. कधी कधी ठरलेल्या ठेक्याच्या शेवटी एक जादा टिचकी येते. कसलेल्या गायकाने समेजवळ घ्यावी तशी ही हरकत. ती कुठेही येत नाही. संवादाला वळण मिळतं, त्याच्या आगेमागे ती आढळते. ताल, लय, ओढ आणि हरकत यांच्या जुळणीतून शंभरावर वेगवेगळे कोडा नेहमीच्या वापरात दिसले. संशोधकांनी याला ध्वनींची वर्णमाला म्हटलं. पुढे २०२५मध्ये भाषाशास्त्रज्ञ गाश्पर बेगुश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की टिचक्यांच्या नादातही फरक आहे. वेळेचं गणित तेच असलं तरी काही कोडा ‘आ’सारखे तर काही ‘इ’सारखे.

मात्र वर्णमाला हाती लागली म्हणजे वाचता आलं असं होत नाही. अनोळखी लिपीतली अक्षरं वेगळी काढता आली, तरी शब्द आणि अर्थ दूरच राहतात. माणसांच्या भाषा शिकणाऱ्या एआयला अब्जावधी शब्द मिळतात, इथे हाताशी काही हजार कोडा. त्यातही एकापेक्षा जास्त प्राणी एकदमच टकटक करू लागले, की बोललं कोण हेच ठरवणं कठीण जातं.

इथे एक छोटं उपकरण कामाला येतं, ‘डी-टॅग’. वुड्स होल सागरविज्ञान संस्थेत मार्क जॉन्सन यांनी ते विकसित केलं. हातात मावेल एवढी डबी, खाली रबरी पेले. श्वास घ्यायला वर आलेल्या देवमाशाच्या पाठीवर लांब काठीने किंवा आता ड्रोनमधून ती टेकवतात. पेले कातडीला चिकटून बसतात, सुई नाही की जखम नाही. मग देवमासा हजार मीटर खोल बुडी मारो, डबी सोबत जाते. त्याचा आवाज, खोली, वळणं, कलणं सगळं एकाच घड्याळावर नोंदलं जातं. काही तासांनी पेल्यांची पकड सुटते, डबी तरंगत वर येते आणि रेडिओवर आपला ठावठिकाणा कळवते. एखादा ठेका बुडी मारण्याआधी वाजला, की पिल्लू जवळ आल्यावर, हे त्यातून समजतं. कधी काळी अर्थ लागलाच, तर तो अशा प्रसंगांच्या नोंदींतून लागेल असं मला वाटतं.

आपण उलट बोलून पाहिलं तर? तेही झालं आहे. ऑगस्ट २०२१मध्ये अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर संशोधकांनी हम्पबॅक देवमाशांची एक हाक पाण्यातल्या स्पीकरवरून वाजवली. ती आदल्याच दिवशी तिथे मुद्रित केलेली होती. ट्वेन नावाची एक मादी बोटीजवळ आली, भोवती फिरू लागली. सुमारे २० मिनिटांत ३६ वेळा हाक वाजली आणि ट्वेन प्रत्युत्तरं देत राहिली. यंत्राने मधली विश्रांती वाढवली की तीही वाढवे, कमी केली की तीही कमी करे. ही बातमी जगभर ‘देवमाशाशी गप्पा’ म्हणून गाजली. पण शोधनिबंध वाचल्यावर माझं मन दुसऱ्याच ठिकाणी अडकलं. सुरुवातीला उत्सुक असलेली ट्वेन नंतर अस्वस्थ झाल्याची चिन्हं दाखवू लागली आणि शेवटी निघून गेली. वाजवणाऱ्यांना त्या हाकेचा नेमका अर्थ ठाऊक नव्हता. दारात उभं राहून आपण पुनःपुन्हा काय ओरडतो आहोत हे आपल्यालाच माहीत नसेल, तर घरच्याला त्रास होणारच. अशा प्रयोगांना कडक नियम हवेत, आणि ते प्रयोग वाढण्याच्या आधी हवेत.

नुसतं ऐकण्याने काय साधतं याचा इतिहास ५० वर्षांहून जुना आहे. बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी काम करणारे अभियंते फ्रँक वॉटलिंग्टन यांनी पाण्याखाली हम्पबॅक देवमाशांचे विचित्र सूर मुद्रित केले होते. ते त्यांनी देवमाशांचे अभ्यासक रॉजर आणि केटी पेन यांच्या हाती दिले. त्या सुरांना बांधणी आहे, कडवी आहेत, ती ठरलेल्या क्रमाने परत येतात, हे रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१मध्ये मांडलं. १९७०मध्ये निघालेली त्याची ध्वनिमुद्रिका लाखो घरांत पोहोचली. देवमासा म्हणजे तेल आणि मांस एवढंच मानणाऱ्या जगाने पहिल्यांदा त्याचं गाणं ऐकलं. व्यापारी शिकारीविरुद्धच्या चळवळीला त्या गाण्याने आवाज दिला, आणि १९८२मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. त्या गाण्याचा अर्थ आजही कुणी सांगू शकत नाही.

आता ऐकण्याचा आवाका प्रचंड वाढला आहे. पॅसिफिक महासागरातल्या बेटांभोवती अमेरिकेच्या सागरी संस्थेने, ‘नोआ’ने, वर्षानुवर्षं केलेली ध्वनिमुद्रणं १,८७,००० तासांची होती. एकाच माणसाने झोप न घेता ऐकायचं म्हटलं तर २१ वर्षं लागतील. गुगलच्या मदतीने हे काम संगणकावर सोपवलं. आवाजाचं चित्र काढायचं, आडवा काळ आणि उभा सूर, आणि चित्रांतला आकार ओळखायला यंत्राला शिकवायचं. यातूनच एक कोडं सुटलं. २०१४मध्ये मारियाना गर्तेजवळ एक चमत्कारिक आवाज मिळाला होता. खोल कण्हण्याने सुरुवात आणि शेवट धातूच्या झणत्काराने. तो ब्रायडीज व्हेलचा असल्याचं २०२४मध्ये निश्चित झालं, आणि मग जुन्या साठ्यात तोच आवाज शोधून हे देवमासे कोणत्या मोसमात कुठे फिरतात याचा मागही लागला.

एवढं ऐकल्यावर आणखी एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे आपला स्वतःचा गोंगाट. जहाजाचा पंखा फिरताना पाण्यात असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. घरघर मुख्यतः त्यांचीच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे १९६०च्या दशकात नौदलाने मोजलेला खर्जातला आवाज २००३-०४मध्ये पुन्हा मोजला, तेव्हा तो १० ते १२ डेसिबलने वाढलेला निघाला. १० डेसिबल वाढ म्हणजे दहापट ऊर्जा. देवमाशांनी खोल जाऊन किंवा वरच्या सुरात बोलून यातून वाट काढावी, तर तेही शक्य नाही. डेन्मार्कमधल्या कोएन एलेमान्स यांच्या गटाने किनाऱ्यावर मरून पडलेल्या तीन देवमाशांचे कंठ प्रयोगशाळेत वाजवून पाहिले. चरबीच्या गादीवर ऊतींची कंपनं होऊन आवाज निघतो, असं त्यांना दिसलं. या रचनेमुळे मिशीवाल्या, म्हणजे दातांऐवजी गाळणी असलेल्या देवमाशांना साधारण १०० मीटरपेक्षा खोल आणि ३०० हर्ट्झपेक्षा वर आवाज काढणं अवघड आहे. नेमक्या याच पट्ट्यात जहाजांची घरघर भरलेली असते.

या गोंगाटाची देवमाशांच्या शरीरावर काय छाप पडते ते अपघातानेच कळलं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर जहाजांची वर्दळ काही दिवस मंदावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. रोझलिंड रोलंड यांचा गट तिथे राइट व्हेलची विष्ठा गोळा करत होता, आणि तिच्यातली ताणाची संप्रेरकं त्या शांत दिवसांत घटलेली आढळली. तोपर्यंत आपण देवमाशांचा ताण मोजत होतो तो गोंगाटातलाच. शांत समुद्रातला देवमासा कसा असतो, ते त्या थोड्या दिवसांत दिसलं.

उत्तर अटलांटिक राइट व्हेल आता ४००हून कमी उरले आहेत, आणि जहाजाची धडक हे त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे. २००८पासून मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या जहाजमार्गावर १० बोये, म्हणजे हायड्रोफोन लावलेले तरंगते खुणेचे पिंप, बसवण्यात आले. वर चढत जाणारी राइट व्हेलची हाक बोयाने ओळखली की इशारा किनाऱ्यावर जातो, तज्ज्ञ तपासतात आणि जहाजाचा वेग १० नॉटवर, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरवर आणला जातो. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ २०२०पासून बोया, उपग्रहांच्या माहितीवरचं भाकीत आणि बोटींवरून दिसलेल्या देवमाशांच्या नोंदी एकत्र करून जहाजांना सावध केलं जातं. वेग कमी केल्याचा दुहेरी लाभ आहे. धडक बसली तरी ती प्राणघातक ठरण्याचा संभव घटतो, आणि बहुतेक जहाजांची घरघरही उतरते.

पण बोयावर विसंबून चालणार नाही. राइट व्हेलची आई नवजात पिल्लाबरोबर असते तेव्हा नेहमीची मोठी हाक जवळजवळ बंद करते आणि अगदी हळू, तुटक हुंकार देते. भक्षकांना सुगावा लागू नये म्हणून असावं. ज्या जोडीला सर्वांत जास्त जपायला हवं, तीच बोयाला ऐकू येत नाही. त्यामुळे पिल्लांच्या मोसमात आणि त्यांच्या भागात, बोया गप्प असला तरी वेगाची मर्यादा सक्तीचीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

डॉमिनिकाने नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचं सुमारे ८०० चौरस किलोमीटर पाणी स्पर्म व्हेलसाठी राखीव जाहीर केलं. मोठ्या जहाजांना तिथे ठरलेल्या वाटेनेच जावं लागेल. त्या पाण्यात जन्मणाऱ्या पिल्लांना कुळाचा ठेका जन्मतः येत नाही. आई खोल बुडी मारून स्क्विड धरायला गेली, की ती एखाद्या मावशीजवळ वर राहतात आणि वेड्यावाकड्या टिचक्या वाजवतात. कधी चार, कधी सात, कधी मध्येच थांबून. दोन सुट्या आणि तीन जोडलेल्या टिचक्या नीट जमायला त्यांना निदान दोन वर्षं लागतात, आणि तोवर ती मोठ्यांचं ऐकत राहतात.