लिअर, नॉर्मन

लिअर, नॉर्मन : (२७ जुलै १९२२ – ५ डिसेंबर २०२३). अमेरिकन दूरचित्रवाणी-लेखक व निर्माते. वर्णद्वेष, व्हिएतनाम युद्ध, गर्भपात, घरखर्चाची ओढाताण हे जेवणाच्या टेबलावरचे वाद त्यांनी विनोदी मालिकेत आणले. त्याआधीच्या अमेरिकन कौटुंबिक मालिकांत पोळी करपणे किंवा साहेब अचानक जेवायला येणे, एवढ्यावर आठवडा निभावत असे.

जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे, एका ज्यू कुटुंबात. ते नऊ वर्षांचे असताना वडिलांना खोट्या रोख्यांच्या प्रकरणात तुरुंगवास झाला. हे वडील मोठ्या आवाजाचे. बायकोला ‘स्टायफल’, म्हणजे ‘तोंड मिट’, असे दरडावायचे आणि मुलाला ‘आळशी गोरा पोरगा’ म्हणायचे. असे बोलून तुम्ही काळ्यांना आळशी ठरवता, असे मुलाने म्हटले की वडील ते साफ झटकून टाकत आणि मुलालाच मूर्ख ठरवत. बापलेकांची ही हुज्जत पुढे लिअर यांना जन्मभर पुरली.

बोस्टनच्या इमर्सन कॉलेजातले शिक्षण अर्धवट सोडून १९४२ मध्ये ते सैन्यात गेले आणि बी-१७ बॉम्बर विमानावर रेडिओ ऑपरेटर व तोफची म्हणून त्यांनी ५२ मोहिमा केल्या. युद्धानंतर कॅलिफोर्नियात त्यांनी दारोदार फर्निचर विकले. जोडीदार होते नात्यातले एड सिमन्स. दोघांनी मिळून प्रहसने लिहायला घेतली आणि १९५० पासून ते डीन मार्टिन व जेरी ल्युइस या विनोदी नटांच्या जोडीसाठी लिहू लागले. पुढे दिग्दर्शक बड यॉर्किन यांच्याबरोबर लिअर यांनी ‘टॅन्डम’ ही निर्मितिसंस्था काढली. चित्रपटही केले, १९६७ च्या एका पटकथेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन होते.

बीबीसीवरील एका मालिकेत खडूस सासरा आणि डाव्या विचारांचा जावई यांचे भांडण आहे, असे कळताच त्यांना आपले घर आठवले. त्याच धर्तीच्या अमेरिकन मालिकेचा नमुना-भाग एबीसी या वाहिनीने दोनदा करवून घेतला आणि दोन्ही वेळा नाकारला. अखेर १२ जानेवारी १९७१ रोजी ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सीबीएस वाहिनीवरून सुरू झाली. तक्रारींचे फोन घेण्यासाठी वाहिनीने जादा माणसे बसवली होती. अपेक्षित गदारोळ मात्र झाला नाही. नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला कामगार. काळे, ज्यू, समलिंगी, बायका, सगळ्यांबद्दल त्याची मते ठाम आणि चुकीची. बायकोला तो ‘स्टायफल’च म्हणतो. समलिंगी पात्र असलेल्या भागावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केलेली चरफड व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींत आहे. सलग पाच हंगाम ही मालिका प्रेक्षकसंख्येत पहिली राहिली.

प्रेक्षक नेमके कोणाला हसत होते? निल विडमार व मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ मधील अभ्यासात असे दिसले की, पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. खिल्ली त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. लिअर यांच्यावरचा हा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही. तो त्यांच्या लेखनाचा दोष म्हणावा की बळ, हे ठरवणे कठीण. भूमिका करणाऱ्या कॅरल ओकॉनर यांनी आर्चीला इतका जिवंत केला की त्याचा निखळ राग धरता येत नाही, हे मात्र खरे.

या यशातून मालिकांची रांग लागली. ‘मॉड’मध्ये (१९७२) सत्तेचाळीस वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. ‘गुड टाइम्स’मधले (१९७४) काळे कुटुंब शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहते. थोरल्या मुलाचे विदूषकीकरण होत असल्याची तक्रार आईबापांच्या भूमिका करणाऱ्या एस्थर रोल व जॉन एमॉस यांनीच केली. एमॉस यांना मालिका सोडावी लागली. पडद्यावरचा काळा माणूस नेहमी गरीबच का, असे विचारायला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेचे लोक आपल्या कार्यालयात आले होते, असे लिअर सांगत. ‘द जेफरसन्स’मधले (१९७५) कुटुंब लाँड्रीच्या धंद्यावर श्रीमंत होऊन मॅनहॅटनला राहायला जाते.

१९८१ मध्ये कट्टर धार्मिक राजकारणाच्या विरोधात त्यांनी ‘पीपल फॉर द अमेरिकन वे’ ही संघटना उभी केली. आपल्या जुन्या मालिकांच्या संहितांच्या थेट प्रक्षेपित पुनःप्रयोगांसाठी वयाच्या ९७ व्या व ९८ व्या वर्षी त्यांना एमी हे दूरचित्रवाणी-पुरस्कार मिळाले.

आर्चीची खुर्ची वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ती जुन्या सामानाच्या दुकानातून काही डॉलरांना घेतलेली. १९७८ मध्ये मालिका संपली असे समजून ती देऊन टाकली, मग आणखी एक हंगाम करायचे ठरले आणि तशीच झिजलेली खुर्ची मूळ किमतीच्या अनेक पट खर्चून नव्याने बनवून घ्यावी लागली.