बीचच्या जंगलातले खाडे

हापूसला एक वर्ष भरभरून फळ धरतं आणि पुढच्या वर्षी खाडा पडतो, हे कोकणातल्या बागायतदाराला ठाऊकच असतं. युरोपातल्या बीच वृक्षाचा खाडा याहून लहरी. ओळीने दोन-चार वर्षं झाडावर फळ जेमतेम दिसतं आणि मग एका वर्षी जंगलच्या जंगल लगडतं.

फळ जवळून पाहावं असं असतं. बाहेर मऊ काट्यांचं तपकिरी कवच. शरद ऋतूत ते चार फाकांनी उकलतं आणि आतून दोन चकचकीत, तिधारी बिया पडतात. आकाराने लहान, पण तेलाने भरलेल्या. त्यामुळे खाणारे पुष्कळ: उंदीर, खारी, पक्षी. १९५१-५२च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये थून शहराजवळ या बियांवर जगणारे ब्रॅम्बलिंग पक्षी मुक्कामाला उतरले, तेव्हा त्यांची संख्या सुमारे सात कोटी असावी असा अंदाज होता!

खाड्याचं कारण हे खाणारेच. एका पतंगाच्या अळ्या तर बी झाडावर असतानाच पोखरतात. रिकाम्या वर्षांत त्यांची उपासमार होते, संख्या घटते; मग सुगीच्या वर्षी बिया इतक्या येतात की खाऊन संपत नाहीत. बीचचं परागण वाऱ्यावर होतं, त्यामुळे सगळी झाडं एकदम फुलली की फलधारणाही चांगली होते. बीचच्याच कुळातला ओकही असाच थांबून थांबून फळतो.

पण झाडांचं हे एकमत होतं कसं? फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यात ठरतात आणि तो उन्हाळा तापला तर पुढच्या वर्षी बहर येतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार युरोपभरची बीच झाडं २१ जूनच्या सुमाराचा सर्वांत मोठा दिवस सरला की तापमानाची दखल घेऊ लागतात. वर्षातला सर्वांत मोठा दिवस सगळ्यांना एकाच वेळी कळतो. मला हे फार सुंदर वाटतं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट जिवाला लागते.

इंग्लंडमध्ये १३९ बीच झाडांच्या बियांची नोंद १९८०पासून ठेवली आहे. उन्हाळे तापत गेले तशा बिया वाढल्या, पण खाडे बुजत चालले आणि झाडांमधला मेळही सुटू लागला. पतंगाला आता दरवर्षी काही ना काही मिळतं. परागणही पूर्वीइतकं होत नाही. झाड जास्त बिया धरतं, पण त्यातल्या रुजण्याजोग्या बिया काही त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत.